बंद पडलेलें हृदय आणि एक अल्पायुषी वायु



घरांतील एखादें वडील माणूस बोलतां बोलतां एकाएकीं खालीं कोसळतें. हांक मारली तर ओ देत नाहीं. नाडी हातास लागत नाहीं. शेजारीपाजारी धांवून येतात. त्यांतील कोणी जाणता मनुष्य छातीवर दोन्ही हात ठेवून ती दाबूं लागतो. रुग्णवाहिका येते, विजेचा झटका दिला जातो, आणि हृदय पुन्हां ठोके देऊं लागतें. रुग्णालयाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या आप्तांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु आंतून आलेले डॉक्टर म्हणतात, "हृदय चालू झालें आहे, पण दोनतीन दिवस गेल्याखेरीज कांहीं सांगतां येणार नाहीं." ऐकणारांस हें बोलणें कोड्यासारखें वाटतें. जें बंद पडलें होतें तें चालू झालें. मग आतां अडलें कोठें?

या प्रश्नाचें उत्तर आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे. त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे एका अगदीं साध्या वायूची आणि तो तयार करणाऱ्या तीन विकरांची हकीकत. विकर म्हणजे ज्यास आपण नेहमीं एन्झाइम म्हणतों तें. शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें, परंतु स्वतः त्यांत खर्ची न पडणारें प्रथिन.

प्रथम हृदय थांबल्यावर काय होतें तें पाहूं. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकेंच असतें. परंतु स्वस्थ बसलेल्या स्थितींत शरीर जितका प्राणवायु खर्च करतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. एवढा खर्चिक असून त्याच्यापाशीं शिल्लक म्हणून जवळजवळ कांहींच नसते. रक्ताचा ओघ थांबला कीं दहापंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चारपांच मिनिटांत मेंदूच्या पेशींस इजा पोहोंचूं लागते. पेशीच्या आवरणांत क्षारांची आंतबाहेर नेआण करणारी यंत्रणा आहे. ती शक्तीच्या अभावीं बंद पडते, आणि एरव्हीं बाहेर रोखून धरलेलें कॅल्शियम आंत शिरतें. हें कॅल्शियम आपण ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां कोणासहि असें वाटेल कीं, एकदां रक्त पुन्हां वाहूं लागलें म्हणजे नुकसान तेथेंच थांबलें. तसें होत नाहीं. अनेक दिवसांच्या उपाशी माणसास एकदम पोटभर जेवूं घातलें तर तेंच अन्न त्याच्या जिवावर बेततें, हें दुष्काळांत काम केलेल्यांस ठाऊक आहे. प्राणवायूची उपासमार झालेल्या पेशींचें असेंच आहे. मॉस्को येथें याच विषयास आयुष्य वाहिलेले वैद्य व्लादिमिर नेगोव्हस्की यांनीं १९७२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, हृदय पुन्हां चालू झाल्यानंतर रोग्यास जें होतें तो एक स्वतंत्र व्याधि मानला पाहिजे, आणि त्यावरील उपचार ही पुनरुज्जीवनाची दुसरी पायरी समजली पाहिजे. डॉक्टर ज्या दोनतीन दिवसांची मुदत मागतात ते या व्याधीचे दिवस होत.

या व्याधींत ज्या वायूचा मोठा हात असतो त्याचें नांव नायट्रिक ऑक्साइड. नत्राचा एक अणु आणि प्राणवायूचा एक अणु, इतकी त्याची साधी घडण. वीज कडाडते तेव्हां हवेंत तो उत्पन्न होतो. मोटारीच्या धुरांतहि तो असतो. असला धुराच्या जातीचा वायु मनुष्याच्या रक्तवाहिन्यांत क्षणोक्षणीं तयार होत असेल, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीं कोणी खरी मानली नसती.

त्याचा माग लागला तो एका स्फोटक द्रव्यामुळें. १८४७ सालीं इटलींतील ट्युरिन येथें अस्कानिओ सोब्रेरो यांनीं नायट्रोग्लिसरिन बनविलें. त्याचेंच पुढें आल्फ्रेड नोबेल यांनीं डायनामाइट केलें आणि अपार संपत्ति मिळविली. १८७९ सालीं लंडनच्या विल्यम मरेल यांनीं असें दाखविलें कीं, याच द्रव्याचा अत्यल्प अंश दिल्यास हृदयशूळ थांबतो. आयुष्याच्या अखेरीस खुद्द नोबेल यांनाच हृदयविकार जडला व त्यांच्या वैद्यांनीं त्यांना नायट्रोग्लिसरिनच सांगितलें. या दैवयोगाचें त्यांना स्वतःलाहि नवल वाटलें होतें. आज हृदयविकाराच्या रोग्यांस जिभेखालीं ठेवण्यास जी गोळी देतात ती याच कुळांतली. पण ती गुण कां देते, हें जवळजवळ शंभर वर्षें कोणास ठाऊक नव्हतें. १९७७ सालीं अमेरिकेंतील फेरिद मुराद यांनीं दाखविलें कीं, अशा औषधांतून नायट्रिक ऑक्साइड निघतो आणि त्यायोगें रक्तवाहिनीच्या भिंतींतील स्नायु सैल पडतो. १९८० सालीं रॉबर्ट फर्चगॉट यांना सशाच्या रोहिणीवर प्रयोग करतांना आढळलें कीं, रोहिणीचें आंतील नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ती विशिष्ट औषधानें सैल पडते; अस्तर खरवडलें गेलें असेल तर उलट आवळते. अर्थात् अस्तरांतून कांहीं तरी निरोप स्नायूकडे जात असला पाहिजे. हा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच होय, हें १९८७ सालीं साल्व्हादोर मोंकादा यांच्या इंग्लंडांतील प्रयोगशाळेंत व लुई इग्नारो यांच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत सिद्ध झालें. १९९८ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांस मिळालें.

हा वायु साठवून ठेवतां येत नाहीं. त्याचें आयुष्य फार तर कांहीं सेकंदांचें. म्हणून जेथें हवा तेथें, हवा तेव्हां, तो ताजा तयार करावा लागतो. तें काम करणारीं तीन विकरें आपल्या शरीरांत आहेत. तिघांचा कच्चा माल एकच. भुईमूग, तीळ, डाळी यांच्या प्रथिनांत भरपूर असणारें आर्जिनीन नांवाचें अमिनो आम्ल आणि प्राणवायु, या दोहोंपासून तीं नायट्रिक ऑक्साइड काढतात. मागें उरतें तें सिट्रुलीन. हें सिट्रुलीन प्रथम कलिंगडांत सांपडलें म्हणून त्यास कलिंगडाच्या शास्त्रीय नांवावरून हें नांव मिळालें.

तिन्ही विकरें एकाच कुळांतील भावंडें. परंतु त्यांचीं घरें निराळीं आणि स्वभावहि निराळे. पहिलें मज्जातंतूंच्या पेशींत राहतें; त्यास आपण सोयीसाठीं मज्जा-विकर म्हणूं. बाल्टिमोर येथें डेव्हिड ब्रेट व सॉलोमन स्नायडर यांनीं १९९० सालीं तें मेंदूंतून वेगळें काढलें. दुसरें रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत असतें, तें अस्तर-विकर. हीं दोन्ही कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतात आणि वायूची लहानशी झुळूक सोडून थांबतात. तिसऱ्याचा प्रकार वेगळा. निरोगी शरीरांत तें जवळजवळ नसतेंच. रोगजंतूंचा हल्ला झाला किंवा मोठी इजा पोहोंचली म्हणजे भक्षक पेशी व इतर पेशी तें नव्यानें बनवितात. त्यास प्रसंग-विकर म्हणूं. तें कॅल्शियमच्या इशाऱ्याची वाट पाहत नाहीं; एकदां सुरू झालें कीं तासन् तास, दिवसेंदिवस, मोठ्या प्रमाणांत वायु ओकत राहतें. रोगजंतु मारण्यास हें ठीक आहे. पण त्या माऱ्यांत घरचीं माणसेंहि होरपळतात.

आतां पुन्हां आपण त्या रोग्याकडे येऊं. हृदय थांबलें असतां प्राणवायु नाहीं, म्हणून ही वायूची निर्मितीहि खुंटलेली असते. हृदय चालू होतें आणि प्राणवायूचा लोंढा आंत येतो. त्या वेळीं मेंदूच्या पेशींत कॅल्शियम अगोदरच घुसून बसलेलें असतें. मज्जा-विकरास तो जणूं न संपणारा इशाराच ठरतो आणि तें बेसुमार वायु सोडूं लागतें. त्याच सुमारास, अर्धवट बिघडलेल्या पेशींतून प्राणवायूचें एक अतिचंचल रूप बाहेर पडत असतें. त्यास सुपरऑक्साइड म्हणतात. नायट्रिक ऑक्साइड व सुपरऑक्साइड यांची गांठ पडली कीं पेरॉक्सिनायट्राइट हा दाहक रेणु बनतो. या संयोगाकडे १९९० सालीं जोसेफ बेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लक्ष वेधलें. हा रेणु पेशींतील स्निग्ध द्रव्यें, प्रथिनें आणि आनुवंशिक द्रव्य यांवर घाला घालतो. ज्या वायूनें रक्तवाहिनी सैल करावयाची, त्याच्यापासूनच हें असें जहर होतें.

अस्तर-विकराचें काय होतें तें याहून चमत्कारिक आहे. एरव्हीं त्याचा वायु रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतो, रक्तांतील बिंबिकांस एकमेकींस चिकटूं देत नाहीं आणि पांढऱ्या पेशींस अस्तरावर ठाण मांडूं देत नाहीं. मेंदूंतील केसासारख्या बारीक वाहिन्यांस या सेवेची किती गरज असेल, हें सांगावयास नको. परंतु या विकरास एक साहाय्यक रेणु लागतो. त्याचें नांव टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. वर सांगितलेल्या जाळपोळींत तोच नष्ट होतो. साहाय्यक गेला कीं हें विकर नायट्रिक ऑक्साइड करण्याऐवजीं सुपरऑक्साइडच करूं लागतें. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार. मग कांहीं बारीक वाहिन्या मिटल्या त्या मिटल्याच राहतात. हृदय रक्त पाठवीत असतांहि मेंदूच्या त्या भागास तें पोहोंचत नाहीं.

यानंतर कांहीं तासांनीं प्रसंग-विकराची पाळी येते. सारें शरीर एकाच वेळीं उपाशी पडून पुन्हां सजीव झालें, हीच एक मोठी इजा. ती ओळखून जागोजागीं हें विकर बनूं लागतें. वायूचा अतिरेक होतो, सर्व रक्तवाहिन्या ढिल्या पडतात आणि रक्तदाब उतरूं लागतो. २००२ सालीं फ्रान्समधील वैद्यांनीं अशा रोग्यांचें रक्त तपासून दाखविलें कीं, त्यांची स्थिति रक्तांत जंतुदोष भिनलेल्या रोग्यासारखीच असते. काल सुरू झालेलें हृदय आज पुन्हां कां खचतें, याचें एक कारण येथें आहे.

तेव्हां हा वायु मित्र कीं शत्रु? या प्रश्नाचा निकाल उंदरांवरील प्रयोगांनीं लावला. आनुवंशिक द्रव्यांत फेरफार करून, ज्यांच्या शरीरांत एखादें विकर जन्मापासूनच बनत नाहीं असे उंदीर तयार करतां येतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं मज्जा-विकर नसलेल्या उंदरांच्या मेंदूची एक रोहिणी बंद केली. त्यांच्या मेंदूचें नुकसान सामान्य उंदरांपेक्षां कमी झालें. १९९६ सालीं तोच प्रयोग अस्तर-विकर नसलेल्या उंदरांवर केला. त्यांचें नुकसान अधिक झालें. वायु एकच, कच्चा माल एकच. पण एका विकराचा अभाव तारक ठरला आणि दुसऱ्याचा मारक.

हे प्रयोग पक्षाघाताविषयींचे होते. संबंध हृदयच थांबविल्यास काय होतें, तें त्याच ठिकाणच्या शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं पाहिलें. हृदय थांबवून मग छाती दाबून तें पुन्हां चालू केलें असतां अस्तर-विकर नसलेले उंदीर इतरांपेक्षां अधिक मेले, आणि जगले त्यांच्या हृदयाची व मेंदूची स्थितीहि वाईट राहिली. पुढें २०११ सालीं आणखी एक पाऊल टाकण्यांत आलें. सामान्य उंदरांस, हृदय चालू झाल्यानंतर एका तासानें, श्वासावाटे दशलक्ष भागांत चाळीस भाग इतका अल्प नायट्रिक ऑक्साइड देण्यांत आला. नुसती हवा मिळालेल्या उंदरांपेक्षां हे उंदीर अधिक संख्येनें जगले व त्यांचे मेंदूहि अधिक शाबूत राहिले. फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेल्या नवजात बालकांसाठीं हा वायु श्वासावाटे देण्यास अमेरिकेंत १९९९ सालींच मान्यता मिळाली होती; म्हणजे तो देण्याची रीत वैद्यांस अपरिचित नाहीं.

इतकें ऐकून आपणांस वाटेल कीं, आतां औषध हातीं आलेंच. येथें मात्र सावध राहिलें पाहिजे. उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, आणि त्याचें हृदय प्रयोगकर्त्यानें ठरविलेल्या मिनिटास थांबतें. मनुष्याचें तसें नाहीं. शिवाय माणसांवरील दोन अनुभव डोळ्यांपुढें ठेवण्याजोगे आहेत. रक्तांत जंतुदोष होऊन रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांस, तिन्ही विकरांस सरसकट थांबविणारें औषध देऊन पाहण्यांत आलें. त्यायोगें रक्तदाब वर चढला खरा. परंतु २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या चाचणींतील ७९७ रोग्यांपैकीं, औषध मिळालेल्यांत अठ्ठावीस दिवसांत शेंकडा ५९ दगावले, तर न मिळालेल्यांत शेंकडा ४९. चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांवर याच जातीच्या औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. तींतहि जीव वाचविण्याच्या कामीं लाभ दिसला नाहीं. कारण आतां आपल्या ध्यानांत आलेंच असेल. प्रसंग-विकरास आवरूं जातां अस्तर-विकराचेहि हात बांधले गेले. जें आवरावयाचें तें आणि जें जपावयाचें तें, या दोहोंवर एकच कुलूप घातलें.

शरीर थंड ठेवून ही सारी रासायनिक धांदल मंद करावी, हा दुसरा मार्ग. २००२ सालच्या दोन चाचण्यांनीं त्याविषयीं मोठी आशा उत्पन्न केली आणि कित्येक रुग्णालयांतून रोग्याचें तपमान ३३ अंशांच्या आसपास आणूं लागले. परंतु २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणींत, शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करणें आणि नुसता ताप चढूं न देणें, यांत जगण्याच्या दृष्टीनें फरक आढळला नाहीं. ताप मात्र येऊं देऊं नये, यावर आज भर आहे. एकंदरींत, हृदय थांबून पुन्हां चालू झालेल्या माणसास या विकरांच्या द्वारें वाचवील असें सिद्ध झालेलें औषध अजून वैद्यकाच्या हातीं नाहीं. कोणत्या विकरास, कोणत्या अवयवांत, कितव्या तासास आवरावें किंवा हात द्यावा, हा प्रश्न आहे. आणि तो पूर्वींपेक्षां पुष्कळ नेमका झाला आहे, एवढें म्हणतां येईल.

मग तोंवर आपण घरांतील माणसांनीं काय करावें? माझ्या मतें या शास्त्रीय हकीकतींत आपल्यासाठीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वर वर्णिलेलें सारें वादळ किती मोठें होणार, हें मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असतें. रक्त किती वेळ थांबून राहिलें. कॅल्शियम जितकें कमी आंत शिरेल, साहाय्यक रेणु जितके अधिक वांचतील, तितका पुढील अनर्थ लहान. १९६० सालीं, बाल्टिमोरच्या ज्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेंत पुढें मज्जा-विकराचा शोध लागला तेथेंच, कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनीं असें दाखविलें कीं, छाती न उघडतां नुसत्या दोन हातांनीं ती दाबून रक्त खेळतें ठेवतां येतें. अशा दाबण्यानें नेहमींच्या ओघाच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश इतकाच ओघ मिळतो. पण तेवढाहि पुष्कळ आहे. वाहत्या रक्ताचें अस्तरावर होणारें घर्षण हेंच अस्तर-विकरास जागें ठेवणारें मोठें कारण आहे, हें येथें आठवावें.

म्हणून, मोठें माणूस कोसळलें, हांकेस ओ देत नाहीं, आणि श्वास घेत नाहीं किंवा नुसते आंचके देत आहे, असें दिसलें तर त्या आंचक्यांस श्वास समजूं नये. एकानें १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. दुसऱ्यानें त्यास कठीण जमिनीवर उताणें निजवून छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टांच ठेवावी, तिच्यावर दुसरा हात ठेवावा, आणि कोपर ताठ ठेवून छाती सुमारें पांच सेंटिमीटर खालीं दाबावी. सहा सेंटिमीटरांहून अधिक नाहीं. मिनिटास शंभर ते एकशें वीस या वेगानें हें करीत राहावें, आणि दर वेळीं छाती पुरती वर येऊं द्यावी. दमल्यास दुसऱ्यानें हात द्यावा, पण मध्यें खंड पडूं देऊं नये. तोंडांत पाणी घालणें, कांदा हुंगविणें, बेशुद्ध माणसाच्या जिभेखालीं गोळी सारणें, हें मुळींच करूं नये. ती गोळी छातींत कळ येत असलेल्या जाग्या माणसासाठीं आहे. जेथें रक्तच वाहत नाहीं तेथें तिचा वायु जाणार कोठें?

शास्त्रज्ञांची पाळी मागाहून येते. पहिलीं चारपांच मिनिटें मात्र कोणत्याहि प्रयोगशाळेच्या किंवा रुग्णालयाच्या हातांत नसतात. त्या वेळीं जो जवळ असेल त्याच्याच हातांत तीं असतात. हें छाती दाबण्याचें शिक्षण एका दुपारीं घेतां येतें. तें आपल्या घरांतील निदान दोघांनीं तरी घ्यावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.